उसनं इंग्रजी

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी राज्यात बारावीची परीक्षा सुरू झाली. रिवाजाप्रमाणे पहिला पेपर इंग्रजीचा होता. कवितेच्या विभागापर्यंत मुलं आली आणि थबकली. तिसऱ्या प्रश्नातल्या काही उपप्रश्नांच्या जागी प्रश्नच नव्हते. गुण कसे द्यावेत याची सूचना, उत्तराचा नमुना, असा तपासणाऱ्यांसाठीचा मजकूर तिथे छापून आला होता. ओरड झाली, मंडळाने काही अटी घालून त्या उपप्रश्नांचे ६ गुण देण्याचं जाहीर केलं आणि विषय संपला. वर्तमानपत्रांनी त्याला गोंधळ म्हटलं, ते बरोबरच होतं. पण बारावीच्या इंग्रजीचा सराव कसा चालतो हे जवळून पाहिलेल्या माणसाला त्यात फारसं नवल वाटायचं कारण नव्हतं. प्रश्नाच्या आधी उत्तराचा साचा मुलांच्या हातात द्यायचा, हे काम आपण वर्षभर करतच असतो. त्या दिवशी ते चुकून मंडळाच्या कागदावर झालं.

बारावीचा इंग्रजीचा पेपर वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. २०२० साली आलेलं ‘युवकभारती’ हे पाठ्यपुस्तक उघडून बघा. आर. के. नारायण यांचा फुटपाथवरचा जोतिषी त्यात आहे. थंडीत आसरा मिळावा म्हणून तुरुंगात जायला धडपडणारा ओ. हेन्रीचा सोपी आहे. नव्या झग्यापायी भर पार्टीत खजील झालेली व्हर्जिनिया वूल्फची बाई आहे, दिलीप चित्रे यांचा रात्रीच्या लोकलने घरी परतणारा बाप आहे. शेरलॉक होम्सही आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींसमोर ठेवायला यापेक्षा वाईट पुस्तकं आपण पुष्कळ पाहिली आहेत. ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत, म्हणजे कृतिपत्रिकेत, न वाचलेला उतारा येतो, त्यावर स्वतःचं मत विचारलं जातं, सारांश करायचा असतो. लेखनकौशल्याच्या १६ गुणांत ईमेल, मुलाखत, भाषण, आवाहन असे प्रकार असतात. घोकंपट्टीला वाव राहू नये, याच हेतूने ही रचना झाली. तरी घोकंपट्टी चालूच आहे. कशी, ते बघण्यासारखं आहे.

मुलाखतीचा प्रश्न घ्या. एखाद्या नामवंत व्यक्तीची मुलाखत घ्यायची आहे, तर आठ-दहा प्रश्न तयार करा, असं विचारतात. खरं तर इतका सोपा, इतका मजेचा प्रश्न दुसरा नसेल. पण सरावात याचं काय होतं? मुलांना एक प्रश्नसंच पाठ करायला मिळतो. तुम्हाला या क्षेत्राची प्रेरणा कुणाकडून मिळाली, कोणत्या अडचणी आल्या, घरच्यांचा पाठिंबा कसा होता, यशाचं रहस्य काय, तरुणांना काय संदेश द्याल. हा संच क्रिकेटपटूला चालतो, हृदयाच्या सर्जनला चालतो, शास्त्रीय गायिकेला चालतो, सीमेवरून परतलेल्या जवानालाही चालतो. वरचं नाव तेवढं बदलायचं. व्याकरण बिनचूक, गुण चारपैकी तीन, कधी साडेतीन. आणि समोरच्या माणसाबद्दल कुतूहलाचा एक कण नाही.

याच मुलाला मराठीत विचारून बघा. आमच्या सोलापुरात जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. त्याआधी कित्येक आठवडे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच, जड काठी, पेलण्याचा सराव चालतो. तो पेलणाऱ्या माणसाला तू काय विचारशील? मग बघा प्रश्न कसे सुटतात. खांदा सोलून निघतो का हो? तोल जायला लागला तर आधी काय करायचं? घरात पहिल्यांदा कुणी धरला? पाऊस आला तर? हे प्रश्न त्याचे स्वतःचे असतात. त्यातला प्रत्येक प्रश्न पाच-सहा शब्दांच्या साध्या इंग्रजीत मांडता येतो, आणि तेवढं इंग्रजी त्या मुलाकडे असतं. पण सरावाच्या वहीत या प्रश्नांना जागा नाही. वहीत ‘यशाचं रहस्य’ आधीच बसलेलं आहे.

कवितेच्या रसग्रहणाचं याहून वाईट. चार गुणांचा प्रश्न, त्याचे मुद्दे ठरलेले: कवी, आशय, शैली, अलंकार, संदेश, आपलं मत. मुद्दे देण्यात गैर काही नाही, नवशिक्याला धरायला कठडा लागतो. पण सरावात कठडाच जिना होऊन बसला आहे. आठ कवितांची आठ रसग्रहणं पाठ, आणि ऐन वेळी अलंकार आठवला नाही तर ‘अनुप्रास’ लिहायचा, कारण तो कुठे ना कुठे निघतोच. (निघतोही, हे कबूल करायला हवं.) याच पुस्तकात सरोजिनी नायडू यांची विणकरांवरची कविता आहे. पहाटे, संध्याकाळी आणि रात्रीच्या थंड चांदण्यात विणकर काय विणतात, असं त्यांना विचारलं जातं. उत्तरं येतात ती अशी: बाळाचं कापड, राणीच्या लग्नातलं वस्त्र आणि शेवटी प्रेतावरचं कापड. ही कविता सोलापुरात शिकवली जाते. ज्या शहराची ओळखच चादर आणि टॉवेल आहे, जिथे पूर्व भागातल्या गल्ल्यांतून यंत्रमागाची खडखड अजून ऐकू येते, तिथे! वर्गातल्या किती मुलामुलींच्या घरी आजोबा हातमागावर बसलेले असतील. रात्रपाळीचं विणकाम म्हणजे काय हे या मुलांना माहीत आहे. सरोजिनीबाईंच्या कवितेतले विणकर सुबक रंगांत बोलतात. मजुरी, थकवा, कापसाच्या कणांनी लागलेला खोकला त्यांत येत नाही. हा आक्षेप सोलापूरची विणकराची मुलगी राज्यातल्या कुठल्याही मुलीपेक्षा जास्त अधिकाराने घेऊ शकते. ‘आपलं मत’ या मुद्द्याखाली ती काय लिहिते? कविता तिला फार आवडली आणि तिच्यातून जीवनाचा अर्थ समजला, असं. कारण तिच्या हातातल्या वहीत तसं आहे.

व्याकरणाच्या सरावाबद्दल फार लिहीत नाही. ‘टू’ काढा, ‘नो सूनर दॅन’ घाला, व्हॉइस बदला, डिग्री बदला. एक युक्ती कळली की दोन मिनिटांत होतं. ते वाक्य आयुष्यात कधी कुणाला म्हणायचं असतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

या सगळ्याला एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शिक्षक म्हणतात, आमच्या वर्गात शंभराच्या आसपास मुलं. त्यातली निम्मी घरात शिकणारी पहिलीच. आई विड्या वळते, वडील कारखान्यात. विडी कामगारांच्या घरकुलांतून, नाहीतर अक्कलकोट-मोहोळकडच्या गावातून एसटीने येतात. पोलीस भरतीला, नर्सिंगला, साध्या कारकुनीलाही बारावी पास लागतं. इंग्रजी राहिलं तर सगळंच राहतं. तुम्ही कुतूहलाच्या गोष्टी करा, आम्हाला ही पोरं ३५ च्या पलीकडे न्यायची आहेत. साचा नाही दिला तर त्यांनी कोरा कागद द्यायचा का?

या बाजूशी माझं भांडण नाही. साच्याने किती घरांचं भलं केलं, याचा हिशेब इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसाने न केलेलाच बरा. पण दोन गोष्टी आहेत. एक, साचा सगळ्यात जास्त दगा देतो तो याच मुलांना. प्रश्नाला थोडं वळण मिळालं, झाडं लावण्याच्या आवाहनाऐवजी पाणी वाचवण्याचं आलं, की पाठ केलेल्याचं काय करावं हे त्यांना कळत नाही. ज्याला स्वतःची चार वाक्यं करता येतात तो निभावून नेतो. ज्याच्याकडे फक्त उसनं आहे, त्याचे हात रिकामे. दुसरी गोष्ट अशी की पास होण्याची किमान सोय म्हणून आलेला हा साचा आता ९० टक्क्यांच्या मुलांचाही सराव झाला आहे. लंगड्यासाठी आणलेली काठी गावात सगळेच टेकत चालू लागले, तर ती काठी कशासाठी आणली होती हे गाव विसरलंय असंच म्हणावं लागतं.

पाठांतराची मला ॲलर्जी नाही. आपल्याकडे हरिपाठ, मनाचे श्लोक, पाढे पाठ करूनच पिढ्या घडल्या, आणि त्यांच्या भाषेत जो ठसा होता तो पाठांतरातूनच आला होता. तोंडात बसलेलं वाक्य पुढे आपलं वाक्य घडवायला उपयोगी पडतं. फक्त पाठ करायचं ते पाठ करण्याच्या लायकीचं हवं. नारायण यांच्या जोतिष्याच्या गोष्टीतला पहिला परिच्छेद मुलाने तोंडपाठ केला, मोठ्याने म्हटला, तर इंग्रजी वाक्याचा डौल त्याच्या कानात बसेल. त्याऐवजी आपण त्या गोष्टीवरचं गाइडमधलं उत्तर पाठ करायला लावतो. नारायण बाजूला राहतात आणि गाइडकाराचं इंग्रजी मुलाच्या तोंडात जातं. ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांच्या या धंद्यात ही अदलाबदल कुणाच्या डोळ्यांत आली नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

मग परीक्षाच बदलावी का? दर पाच-सात वर्षांनी आपल्याकडे ही हाक उठते. श्रीलंकेचा अनुभव इथे कामाचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे दहावीच्या पातळीवरची इंग्रजीची परीक्षा बदलण्यात आली, नव्या पुस्तकांना साजेशी, व्यवहारातली भाषा मागणारी. परीक्षा चांगली केली की शिकवणं चांगलं होईल, असा हिशेब होता. डायन वॉल आणि चार्ल्स अल्डरसन या अभ्यासकांनी त्याचा परिणाम वर्गात बसून तपासला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्गात काय शिकवतात यावर परीक्षेचा परिणाम झाला होता, कसं शिकवतात यावर जवळपास नाही. आपलं ‘युवकभारती’ आणि कृतिपत्रिका यांचं हेच झालं आहे. प्रश्नांची तऱ्हा बदलली, वहीतले साचे बदलले, हात तेच राहिले. म्हणून मला नवा पेपर नको आहे. आहे त्या पेपरचा सराव बदलायला हवा.

विज्ञान शाखेत हा सरावही उरलेला नाही. मुलगा हुशार निघाला की घरात ‘लातूर पॅटर्न’चा, म्हणजे प्रवेशपरीक्षांची तयारी घोटून घेण्याचा, विषय निघतो. नीट आणि सीईटी यांत इंग्रजी हा विषय नाही, त्यामुळे इंग्रजीच्या तासाला वर्ग ओस. परीक्षेच्या महिनाभर आधी प्रश्नसंच आणायचा, साचे डोळ्यांखालून घालायचे. पुढे हीच मुलं मेडिकलला जाड इंग्रजी पुस्तकांसमोर बसतात तेव्हा काय होतं, ते त्यांनाच विचारावं.

सोलापूरच्या बाबतीत या सरावाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते भाषांमुळे. हे शहर एका भाषेचं कधीच नव्हतं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट नि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी. बाजारात सगळ्यांची मराठी, टीव्हीमुळे हिंदी. इथली मुलगी आजीशी एका भाषेत, शाळेत दुसरीत आणि भाजीवालीशी तिसरीत बोलते, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना अडखळत नाही. इंग्रजी ही तिची चौथी भाषा असते. म्हणजे भाषा शिकायची कशी हे तिला महाराष्ट्रातल्या कितीतरी एकभाषी मुलांपेक्षा चांगलं माहीत आहे. पण सराववही तिला भाषा न येणारी मुलगी समजते आणि रिकाम्या जागा भरायला लावते. याच जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी मुलांच्या घरची भाषा हाताशी घेऊन काम केलं. पुस्तकं त्यांच्या मातृभाषेत आणली, त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा आपण सत्काराच्या कमानी उभारल्या. त्यांची पद्धत मात्र बारावीच्या इंग्रजीपर्यंत आलीच नाही.

घरची भाषा हाताशी घेणं म्हणजे इंग्रजीच्या तासाला मराठीत अर्थ सांगून मोकळं होणं नव्हे, ते तर होतच असतं. ‘तुझं मत काय?’ या प्रश्नावर मुलीने आधी तेलुगूत किंवा मराठीत शेजारणीशी वाद घालावा, आणि मग त्या वादातलं आपलं म्हणणं इंग्रजीत उतरवावं. मत असल्याशिवाय मताचं वाक्य होत नाही. आज आपण वाक्य देतो आणि मत परस्पर गृहीत धरतो.

दक्षिणेत, आपल्यापासून फार दूर नव्हे, भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांतून असाच एक प्रयोग केला. त्यांचं म्हणणं असं की लक्ष भाषेवर नसून अर्थावर असतं, तेव्हा भाषा शिकली जाते. मुलांना व्याकरणाचे धडे देण्याऐवजी त्यांनी काम दिलं. रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवायचं, अमुक वेळेला अमुक ठिकाणी पोहोचायचं तर कुठली गाडी धरशील ते शोध आणि सांग. नकाशा बघून वाट सांग. इंग्रजी त्या कामातून येत गेलं. जगभर ‘कृतीतून भाषा’ म्हणून जे शिकवणं पुढे गाजलं, त्याच्या मुळाशी बंगळूरचे हे वर्ग आहेत. आपण कृतिपत्रिका हे नाव घेतलं आणि कृती वगळली. सोलापूर स्टेशनवरून मुंबई, हैदराबाद, चेन्नई, विजयपूर अशा गाड्या सुटतात नि जातात. वेळापत्रक फुकट मिळतं.

या सगळ्यात एक पाठ असा आहे की त्याच्याबद्दल लिहिताना हसू येतं. ‘युवकभारती’त अच्युत गोडबोले यांचा पाठ आहे. गोडबोले सोलापूरचे. मराठी माध्यमात शिकून मुंबईच्या आयआयटीत गेले आणि तिथे इंग्रजीचा न्यूनगंड आला, तो त्यांनी जिद्दीने घालवला. ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रात हे सविस्तर आहे. म्हणजे बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात, सोलापूरच्या मुलासमोर, सोलापूरच्याच माणसाची इंग्रजीशी केलेल्या झटापटीची गोष्ट ठेवलेली आहे. त्या पाठावर ‘स्वतःचं मत’ विचारलं, की आपली मुलं त्याचं पाठ केलेलं उत्तर लिहितात. गोडबोल्यांनी इंग्रजी असं मिळवलं नव्हतं, हे त्या उत्तरात कुठेच येत नाही.

शंभरांचा वर्ग ही अडचण खरी आहे, तिला बगल देऊन चालणार नाही. एकटा माणूस आठवड्याला शंभर वह्या तपासू शकत नाही. पण सगळ्या तपासायचीही गरज नाही. मुलांनी एकमेकांच्या वाचाव्यात, ‘हे मला कळलं नाही’ एवढंच समासात लिहावं, सरांनी रोज पाच-सहा वह्या बघाव्यात. बरेचसे दोष आपलं वाक्य दुसऱ्याला वाचून दाखवतानाच दिसतात. अशा सरावाला खर्च नाही, फक्त थोडा धीर लागतो, कारण पहिल्या महिन्यात वाक्यं भयंकर येतात. तोंडी परीक्षेचे २० गुण महाविद्यालयाच्याच हातात असतात. ते कसे दिले जातात, हे पालक, शिक्षक आणि मंडळ या तिघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे मी सांगत बसत नाही. निदान त्या २० गुणांसाठी तरी प्रत्येक मुलाला दोन मिनिटं बोलू द्यावं, पाठ केलेलं नव्हे, आपल्या घराबद्दलचं, कामाबद्दलचं, रस्त्याबद्दलचं. चुकलं तर चुकू द्यावं.

आणि तपासणाऱ्यांशी सरळ बोलायला हवं, कारण सराव शेवटी त्यांच्या लाल पेनाच्या दिशेने चालतो. आज बिनचूक उसनं उत्तर चारपैकी साडेतीन घेऊन जातं आणि मुलाचं स्वतःचं, काळ चुकलेलं, ‘द’ राहिलेलं, पण काहीतरी सांगणारं उत्तर दीडवर अडकतं. क्लासवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्यांचा धंदा चालतो. मंडळाने तपासणीच्या सूचनांत एक ओळ घालावी: स्वतःचं मत, रसग्रहण आणि लेखनकौशल्य या प्रश्नांत जे उत्तर त्या प्रश्नाला, त्या प्रसंगाला धरून स्वतः लिहिलेलं आहे, त्याला किरकोळ व्याकरणाच्या चुकांसह अर्ध्याहून अधिक गुण मिळतील, आणि कुठल्याही विषयाला चालेल असं उत्तर बिनचूक असलं तरी अर्ध्यावर थांबेल. पेपर तोच राहील, पुस्तक तेच राहील. पुढच्या फेब्रुवारीच्या आत ही ओळ पुणे विभागाने, ज्यात आपला जिल्हा येतो, परीक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे.